एक कोयता, माणसं दोन

परळी वैजनाथ तालुक्यातल्या ऊसतोड्याला ‘कोयता’ म्हणजे काय विचारलं, तर तो हत्यार दाखवणार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणून सांगेल. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. तोडणं, पाचट साळणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं, सगळं दोघांचं; हिशेब टनावर आणि एकाच कोयत्याचा. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’.

आता हीच जोडी सरकारी वर्गीकरणात कुठे बसते ते पाहा. ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ मध्ये प्रत्येक कामाला आठ आकडी क्रमांक आहे. पहिल्या आकड्यावरूनच माणसाचा गट कळतो. वैजनाथाच्या देवळातले पुजारी २ मध्ये, थर्मल वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधला ऑपरेटर ३ मध्ये, मोंढ्यातला दुकानदार ५, शेतकरी ६, जंक्शनवर गाडी घेऊन येणारा इंजिन ड्रायव्हर ८. अख्खं गाव एका आकड्याच्या खणांत मावतं! पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या यादीशी जुळतात. ऊसतोड्याचे आहेत ९२११, म्हणजे पिकात राबणारा मजूर. त्या यादीत ब्राझीलचा ऊसतोडाही इथेच येतो.

नऊचा गट ‘प्राथमिक’ कामांचा, फारसं शिक्षण न लागणाऱ्या. हे मला पटत नाही. उसाची साखर बुडख्याकडे जास्त असते, म्हणून घाव अगदी जमिनीलगत बसावा लागतो. तोही वाकून, दिवसभर, हात-पाय सांभाळून. हे शिकायला हंगाम जातात.

खरी गंमत दिवसांच्या मोजणीत आहे. जनगणनेत वर्षातले सहा महिने काम असेल तर ‘मुख्य कामगार’, कमी असेल तर ‘सीमांतिक’. मुख्य कामगार असला, तर ज्या कामात जास्त वेळ गेला ते काम नोंदायचं. समजा, एकाने पाच महिने ऊस तोडला आणि चार महिने स्वतःचं रान केलं. तो शेतमजूर ठरला. पुढच्या वर्षी ऊस चार महिन्यांत आटोपला आणि रानात पाच महिने गेले, तर तोच माणूस शेतकरी! हात तेच, कोयता तोच, खण बदलला.

आणि बाई? मुकादमाच्या वहीत ती कोयत्यात विरघळलेली असते. सर्वेक्षणात मात्र प्रत्येक माणसाची ओळ वेगळी. श्रमबल सर्वेक्षणात तिला ५१, म्हणजे रोजंदारीचा मजूर, हा स्वतःचा क्रमांक मिळतो. पण घरच्या कुणी ‘ती घरीच असते’ एवढंच सांगितलं, तर तिच्या नावापुढे ९२ पडतो: फक्त घरकाम. एका वाक्यात तिचे हजारो मोळ्यांचे हंगाम पुसले जातात.

२०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, ऐन तोडीच्या हंगामात. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याची मोजणी तो जिथे सापडेल तिथे करायची, असा नियम होता. म्हणजे परळीचा ऊसतोडा साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोजायचा.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, पुन्हा हंगामातच. प्रगणक कोपीशी आला, तर बाईचं काम बाईलाच सांगू द्या.