कारीचे जेधे आणि दाभाडीचा प्रबंध

भोर तालुक्यातल्या कारी-आंबवड्याला जेध्यांचे नाव निघाले की आधी कान्होजी आठवतात. अफझलखानाच्या स्वारीत वतनावर पाणी सोडून ते शिवरायांच्या बाजूला उभे राहिले. त्याच घराण्यातले केशवराव जेधे विसाव्या शतकात एका वेगळ्याच पेचात सापडले, आणि त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

सत्यशोधक चळवळीतून घडलेले केशवराव पुढे काँग्रेसमध्ये गेले. ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकावरच्या खटल्यात १९२६ साली त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. आंबेडकर. वीस वर्षांनी दोघेही संविधान सभेत बसले. पण त्याच सुमारास पुण्याच्या जेधे मॅन्शनमध्ये शेतकरी-कामकऱ्यांची वेगळी मोट बांधली जात होती. १९४७ मध्ये शंकरराव मोरे आणि जेध्यांनी शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) काढला. मार्च १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले; तिथल्या राजांची, पंतसचिवांची, प्रजा नागरिक झाली.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले. त्याच वर्षी मालेगावजवळच्या दाभाडीत शेकापने मार्क्सवाद-लेनिनवाद ही आपली तात्त्विक बैठक ठरवली; हाच दाभाडीचा प्रबंध. त्याच विचारावर उभ्या असलेल्या सोव्हिएत संघात तेव्हा १९३६ ची राज्यघटना होती. तिने भाषण आणि सभेचे स्वातंत्र्य दिले, मतपेटीही दिली; पण १२६ व्या कलमाने कम्युनिस्ट पक्षाला कष्टकऱ्यांच्या सर्व संघटनांचा नेतृत्वगाभा केले. उमेदवार उभे करण्याचा हक्कही त्याच संघटनांकडे होता. म्हणजे मत देता येई, विरोधी पक्ष निवडता येत नसे. १९७७ च्या घटनेने हे वर्चस्व सहाव्या कलमात वर आणले. ते १९९० मध्ये गेले.

दाभाडीच्या मांडणीमागची तळमळ खरी होती. भोर-वेल्ह्याकडे पाहिले तरी ती कळते. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघर धरणाचे पाणी कालव्यांनी बारामती-फलटणकडे, उसाला गेले. डोंगरातला शेतकरी पावसाच्या भातावर आणि नाचणीवर राहिला. ‘शेतकरी’ म्हणजे यांतला कोण, हा प्रश्न पक्षाला विचारावाच लागणार होता. मात्र त्याचे उत्तर एकाच अधिकृत भूमिकेत बसवता येईल, हा समज चुकीचा होता. पक्षातला दत्ता देशमुखांचा नवजीवन गट पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच बाहेर पडला. त्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत पक्षाला १४ जागा मिळाल्या. १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले.

ते परतू शकले, हे महत्त्वाचे. एकपक्षीय घटनेत पक्ष सोडणाऱ्याला जायला दुसरा पक्षच नसतो.

शेकाप मात्र टिकला, आणि तोही मतपेटीच्या बळावर. पक्षाचे सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ आणि १९९५ ला हरले, पुन्हा लोकांसमोर गेले आणि एकूण ११ वेळा निवडून आले.