रिकाम्या जागेचे रसायन

८ ऑक्टोबर २०२५ रोजी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि रिचर्ड रॉब्सन, सुसुमु कितागावा व ओमर यागी ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. परंतु वाळवंटातील कोरड्या हवेतून पाणी काढणारा पदार्थ, एवढ्याच वार्तेवर बहुतेकांचे कुतूहल शमले आणि ज्या विचारातून हा पदार्थ जन्मास आला त्याची म्हणावी तशी दखल कोणी घेतली नाही.

हा विचार सुचला तो अध्यापनाच्या तयारीत. मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन यांनी १९७४ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे व दांड्या यांच्या प्रतिकृती करावयास घेतल्या. आणि प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठराविक दिशांनीच बंध जोडतो, म्हणून गोळ्यांवर भोके कोठे पाडावयाची हे त्यांना विद्यापीठाच्या कर्मशाळेला आखून द्यावे लागले. गोळे हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, भोकांच्या जागा मुक्रर झाल्या म्हणजे सबंध रचनेचा आकारही त्यांतच ठरून जातो. मग अणूंच्या ठिकाणी धातूंचे आयन आणि दांड्यांच्या ठिकाणी लांब हातांचे सेंद्रिय रेणू योजले, तर निसर्गात नसलेला स्फटिक आधी कल्पून मग घडविता येणार नाही काय?

हा प्रश्न त्यांच्या मनात दशकाहून अधिक काळ राहिला. दरवर्षी अध्यापनासाठी त्या प्रतिकृती बाहेर निघत आणि दरवर्षी तो पुन्हा उभा राही. अखेरीस, हिऱ्यातील कार्बनप्रमाणे चारी दिशांना बंध जोडणारा तांब्याचा आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू यांचा त्यांनी संयोग घडविला. अशा मिश्रणातून अस्ताव्यस्त राशीच मिळेल, अशी अनेक रसायनज्ञांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हिऱ्याच्याच धर्तीचा, परंतु आत विस्तीर्ण पोकळ्या असलेला सुव्यवस्थित स्फटिक मिळाला, आणि १९८९ साली बर्नार्ड हॉस्किन्स यांच्यासह त्यांनी तो प्रसिद्ध केला.

धातूचे आयन व सेंद्रिय रेणू यांचे हे जालक नाजूक होते. त्याला स्थैर्य आणण्याचे कार्य इतर दोघांनी केले. क्योटोच्या कितागावांचे अनुदानाचे अर्ज वारंवार नामंजूर झाले, कारण वायू शोषण्यास झिओलाइट ही सच्छिद्र खनिजे असताना या नव्या पदार्थाचे प्रयोजन काय, असा सवाल होता. तरीही निरुपयोगी भासणाऱ्या वस्तूतही उपयोग दडलेला असतो, या श्रद्धेने ते टिकून राहिले आणि १९९७ साली त्यांची जालके मिथेन, नायट्रोजन व ऑक्सिजन शोषून पुन्हा मोकळे करू लागली. यागींनी १९९९ साली जस्त व टेरेफ्थॅलेट यांपासून घडविलेले जालक तर ३०० अंश सेल्सिअसपर्यंत, रिकामे असतानाही, ढासळत नाही. आणि त्याच्या दोन-तीन ग्रॅमांत फुटबॉलच्या मैदानाएवढे पृष्ठफळ सामावते.

झिओलाइट महाराष्ट्राला परके नाहीत. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतील दगडखाणींत बेसॉल्टच्या पोकळ्यांतून निघणारे स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. परंतु त्यांची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांची, ताठर आणि ठरलेली; नव्या जालकांत मात्र धातू बदला, रेणूचा हात लांबवा, आणि पोकळीचे आकारमान व स्वभाव दोन्ही बदलतात. हजारो जालके अशा रीतीने सिद्ध झाली आहेत.

त्यांपैकी प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेली अद्याप थोडीच आहेत. कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या जालकाची चाचणी कॅनडातील एका कारखान्यात चालू आहे. पण स्वस्त व विपुल उत्पादन आणि दमट हवेतील टिकाऊपणा यांचे प्रश्न अनेक जालकांबाबत सुटावयाचे आहेत, म्हणून उद्याच हवा शुद्ध होईल या ग्वाहीवर मी विसंबणार नाही.

या संशोधनाचे मोल त्या ग्वाहीवर मुळीच अवलंबून नाही. ज्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे वर्ग अनुभवी संशोधक घेतात, लाकडाचा गोळा अचूक कातून देणारी कर्मशाळा जिवंत असते आणि दशकाहून अधिक काळ मनात घोळणाऱ्या प्रश्नाला कोणी तातडीच्या फलिताचा हिशेब मागत नाही, तेथेच असा विचार वाढतो. आपल्याकडे अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्यांनी 'उपयोग' या रकान्यापाशी नकाराचा शेरा मारण्यापूर्वी कितागावांचे नामंजूर अर्ज आठवावेत, एवढीच विनंती.