‘निरंक’ या शब्दाचा अर्थ : उच्च शिक्षणातील लैंगिक छळ, त्याविषयीचे संशोधन आणि सांवेर रोड

इंदूरहून उत्तरेकडे उज्जैनला जाणारा रस्ता सांवेर रोड या नावाने ओळखला जातो. शहर संपता संपता रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत लागते. औषधे, प्लास्टिक, खाद्यपदार्थ, यंत्रांचे सुटे भाग तयार करणारे लहानमोठे कारखाने येथे आहेत. पुढे याच रस्त्यावर गेल्या काही दशकांत वैद्यकीय, अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा शाखांची महाविद्यालये उभी राहिली. त्यामुळे कारखान्यातील कामगार, मालवाहू ट्रक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनी यांची रोजची वाट एकच झाली आहे. उच्च शिक्षणातील लैंगिक छळाचा विचार करताना बहुधा वर्ग, प्रयोगशाळा आणि वसतिगृह एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु अशा रस्त्यावरून हा प्रश्न पाहिला तर त्याचे वेगळे रूप दिसते, म्हणूनच प्रस्तुत लेखात सांवेर रोड उदाहरणादाखल घेतला आहे. येथील कोणत्याही संस्थेविषयी काही सुचवण्याचा हेतू त्यामागे नाही.

आरंभी शब्दांचा विचार करणे योग्य ठरेल, कारण तक्रार कशाची करायची हे शब्दच ठरवतात. मराठीत आणि हिंदीत सर्रास वापरला जाणारा शब्द ‘छेडछाड’. त्यात खोडी, मस्करी, वयाचा भाग असा सूर आहे. कायद्याच्या मराठीतला जुना शब्द ‘विनयभंग’. गुन्हा करणारा दुसराच, पण मोडतो तो मात्र स्त्रीचा विनय! १८६० च्या दंड संहितेतील कलम ३५४ मधून हा शब्द रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७४ लागू झाले, तरी कल्पना तीच राहिली. उर्दूत आता ‘जिन्सी हरासानी’ हा शब्द स्थिरावला आहे. त्याच्या मुळाशी फारसीतील ‘हरास’ म्हणजे भीती आहे, अर्थात लक्ष आहे ते जिला भीती वाटली तिच्या स्थितीकडे. मराठी ‘छळ’ हा संस्कृत ‘छल’ पासून आला. तेथे त्याचा अर्थ कपट असा होता, मराठीने त्याला सोसण्याचा अर्थ दिला. ‘लैंगिक छळ’ हा शब्द म्हणूनच ‘विनयभंगा’पेक्षा बरा. विद्यार्थिनी जेव्हा ‘सर थोडे विचित्र वागतात’ एवढेच म्हणते, तेव्हा तिच्याजवळ शब्द नसतो हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

संशोधनाचे म्हणणे यापेक्षा फार वेगळे नाही. १९८८ मध्ये ब्रिटिश अभ्यासक लिझ केली यांनी अशी मांडणी केली की लैंगिक हिंसा ही सुटी सुटी कृत्ये नसून एक सलग पट्टा आहे. एका टोकाला टोमणा आणि नजर, दुसऱ्या टोकाला बलात्कार, आणि यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा नाही. त्याच सुमारास अमेरिकेत लुईस फिट्झजेराल्ड यांनी विद्यापीठांतील छळ मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की ‘तुमचा लैंगिक छळ झाला का?’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ती प्रत्यक्ष वागणुकीविषयी विचारते : वर्गात स्त्रियांविषयी अपमानकारक विनोद झाले का, नको असलेली जवळीक कोणी केली का, गुणांच्या बदल्यात कोणी काही मागितले का. प्रश्न असा विचारला की ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढते, हे पुढे अनेक सर्वेक्षणांतून दिसून आले. आपल्याकडील महाविद्यालयांत वाटल्या जाणाऱ्या ‘होय/नाही’ छापाच्या पाहणी-पत्रकांना काही सापडत नाही, त्याचे एक कारण येथे आहे.

अलीकडचे मोठे सर्वेक्षण युरोपातील. ‘यूनि-सेफ’ या प्रकल्पाने (बालकल्याणाच्या युनिसेफशी याचा संबंध नाही) १५ देशांतील ४६ विद्यापीठे व संशोधनसंस्थांमधून ४२,००० हून अधिक विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची उत्तरे मिळवली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ६२ टक्के लोकांनी संस्थेत रुजू झाल्यापासून लिंगाधारित हिंसेचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवला होता. त्यात मानसिक हिंसेचे प्रमाण सर्वाधिक होते. ज्यांनी असा अनुभव घेतला त्यांपैकी केवळ १३ टक्के लोकांनी तक्रार केली. न करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना हे प्रकरण तक्रार करण्याइतके गंभीर आहे की नाही, याचीच खात्री नव्हती. युरोपचे आकडे जसेच्या तसे माळव्याला लावता येणार नाहीत. परंतु जेथे तक्रार-यंत्रणा जुन्या आणि पैसा बरा आहे तेथेही आठातली एकच व्यक्ती बोलत असेल, तर आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालातील ‘प्राप्त तक्रारी : निरंक’ या ओळीचा अर्थ काय लावायचा? छळ नाही, की विश्वास नाही? २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने असा निष्कर्ष काढला की छळ होईल की नाही हे सर्वांत जास्त संस्थेच्या वातावरणावरून ठरते. छळ येथे खपवून घेतला जातो असे लोकांना वाटते तेथे तो वाढतो, आणि केवळ कायद्याची पूर्तता केल्याने तो थांबत नाही.

आता वाटेविषयी. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले यांच्यावर चिखल-शेण फेकले गेले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे. हल्ला झाला तो शाळेत नव्हे, शाळेच्या रस्त्यावर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या चार हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास करून हीच गोष्ट आकड्यांत मांडली. अधिक सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुली गुणवत्तेत वरच्या पाचव्या हिश्श्यातील महाविद्यालय सोडून खालच्या अर्ध्या भागातील महाविद्यालय पत्करायला तयार असतात, आणि प्रवासावर वर्षाला सुमारे १८,८०० रुपये अधिक खर्च करायलाही. मुलांच्या बाबतीत ही तडजोड फारच कमी आढळली. सांवेर रोडसारख्या रस्त्यावरील महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी कोणती मुलगी आली नाही, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही.

ज्या घरातील मुलगी प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढते, त्या घरात या प्रश्नाचे स्वरूप आणखी बिकट असते. मुस्लिम मोहल्ल्यातील शिक्षकांना हे सांगण्याची गरज नाही. मुलीने घरी तक्रार सांगितली तर पहिला विचार तक्रारीचा होत नाही, ‘पुरे झाले कॉलेज’ हा होतो. म्हणजे बोलण्याची किंमत अपराध्याला नव्हे, तिला मोजावी लागते. म्हणून ती गप्प राहते आणि अहवालात निरंक येते.

या पार्श्वभूमीवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांकडे पाहावे. १९९७ च्या विशाखा निकालाने तक्रार समित्यांची कल्पना आणली. पण समितीने दोष ठरवल्यावर संस्था पुन्हा वेगळी खातेचौकशी लावत आणि पीडितेला सारे नव्याने सांगावे लागे. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितल्यावर २००४ च्या आदेशाने समितीचा अहवाल हाच खातेचौकशीचा अहवाल मानला जाऊ लागला, आणि १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालाने तो पक्का झाला. २०१३ मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी आयोगाचा ‘सक्षम’ अहवाल आला, आणि त्याच्या आधाराने केलेले २०१५ चे विनियम २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले.

या विनियमांतील ‘परिसरा’ची व्याख्या फार कमी शिक्षकांनी वाचलेली असते. संस्थेने ये-जा करण्यासाठी पुरवलेले वाहन, अभ्याससहल, शिबिर, क्रीडास्पर्धा आणि प्रशिक्षणाची जागा, म्हणजे विद्यार्थी म्हणून जेथे जेथे जावे लागते ती सर्व ठिकाणे परिसरात मोडतात. समजा, औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी सांवेर रोडवरील कारखान्यात दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली आणि तेथील पर्यवेक्षकाने तिला त्रास दिला. ‘ती बाहेरची बाब आहे’ असे महाविद्यालयाला म्हणता येणार नाही. कारखान्यात दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तेथे स्वतःची अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान कारखान्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पण तिला प्रथम ज्ञात असलेले दार महाविद्यालयाचेच असते, आणि तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे हे महाविद्यालयाच्या समितीचे कर्तव्य आहे.

मुदतीचा मुद्दा येथेच येतो. तक्रार घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत करावयाची असते. समितीला पटले तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र किंवा अंतर्गत गुण हातात येईपर्यंत थांबायचे असे बहुतेक मुली ठरवतात, आणि त्यात काही गैर नाही, कारण भीती खरी असते. पण तेवढ्यात मुदत सरत येते. या भीतीवर विनियमांत उपाय आहे : चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचे काम किंवा परीक्षा तपासण्यापासून दूर ठेवता येते. ही एक तरतूद पहिल्याच वर्षी वर्गात नीट समजावून सांगितली, तरी पुष्कळसा फरक पडू शकेल. पोस्टर लावण्यापेक्षा तो नक्कीच जास्त पडेल.

समितीच्या रचनेविषयी थोडेसे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर घेता येत नाही. पुष्कळ ठिकाणी याच कलमाकडे डोळेझाक होते, कारण लहान महाविद्यालयात ज्येष्ठ महिला प्राध्यापक आणि विभागप्रमुख एकच असतात.

समिती असून भागत नाही, तिला काम करता आले पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि पुढे बडतर्फी झाली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोप खोटे ठरले म्हणून नव्हे, तर चौकशी घाईघाईने उरकून बचावाची पुरेशी संधी दिली नाही म्हणून. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. तक्रार करताना ज्या मुली विशीत होत्या, त्यांच्या आयुष्यातील चौदा वर्षे मधल्या काळात गेली. नैसर्गिक न्यायाचे नियम पाळणे म्हणजे आरोपीला पाठीशी घालणे, अशी काही सदस्यांची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात नोटीस, कागदपत्रांच्या प्रती, उत्तराला दहा दिवस, साक्षीदार तपासण्याची संधी, आणि हे सारे नव्वद दिवसांच्या आत, ही शिस्त तक्रारदाराच्याच निकालाचे रक्षण करते. त्याच निकालात न्यायालयाने समित्या खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत याची देशभर पडताळणी करण्याचा आदेश दिला. कायदा होऊन दहा वर्षे झाल्यावर हा आदेश द्यावा लागला.

उलट्या बाजूचा एक धोकाही आहे. घटना घडली की वसतिगृहाचे फाटक लवकर बंद करणे, मुलींना प्रशिक्षणाला न पाठवणे, सहल रद्द करणे हे सोपे उपाय संस्था निवडतात. ‘सक्षम’ने आणि विनियमांनी स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींसाठी मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम करता येणार नाहीत. कारखान्यात त्रास होतो म्हणून मुलीचे प्रशिक्षण बंद केले, तर नोकरीच्या बाजारात तिची पात्रता कमी होते आणि त्रास देणारा जागच्या जागी राहतो. याऐवजी प्रशिक्षणाचे पत्र देताना कारखान्याच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लेखी मागवून घेता येईल. कारखान्याकडे ते नसेल तर पत्र दुसऱ्या कारखान्याच्या नावे द्यावे. पहिल्या पंधरवड्यात एका महिला प्राध्यापकाने तेथे जाऊन विद्यार्थिनींशी, पर्यवेक्षकाच्या गैरहजेरीत, बोलून यावे. आणि बसमधून उतरताना त्या काय बोलतात, हेही ऐकावे.