मनाच्या दुखण्यात ताटाचा वाटा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली मनोरुग्णालयं एका विचित्र आजाराच्या रोग्यांनी भरू लागली होती. आधी हातापायांची आणि मानेची कातडी उन्हाने होरपळल्यासारखी काळवंडायची. मग जुलाब लागायचे. त्यानंतर झोप उडायची, उदासी घेरायची, भास व्हायचे आणि अखेरीस रोग्याला घरच्या माणसांचीही ओळख पटेनाशी व्हायची. या आजाराचं नाव पेलाग्रा. तो जंतूंमुळे होतो, अशी बहुतेक डॉक्टरांची खात्री होती.

१९१४ साली सरकारी आरोग्य खात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या आजाराचा छडा लावायला पाठवलं. मनोरुग्णालयं आणि अनाथाश्रम पाहताना एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. रोग्यांमध्ये रात्रंदिवस वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना पेलाग्रा होत नव्हता. जंतू रोगी आणि नोकर असा भेद करत नाहीत. भेद होता तो ताटात. रोग्यांना मिळायचं मुख्यतः मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. कर्मचाऱ्यांच्या ताटात दूध, अंडी, मांसही असायचं. गोल्डबर्गर यांनी अनाथाश्रमांतल्या मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं द्यायला सुरुवात केली, आणि तिथला पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला.

१९१५ साली त्यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर उलटा प्रयोग केला. शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या धडधाकट कैद्यांना मक्यावर आधारलेला निकृष्ट आहार दिला. काही महिन्यांत त्यांच्यातल्या ६ जणांना पेलाग्राची लक्षणं दिसू लागली. तरीही विरोधक ऐकेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर यांनी, त्यांच्या पत्नीने आणि काही सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतलं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. आहारात नेमकं काय कमी पडतं, हे कळायला मात्र १९३७ साल उजाडलं. त्या वर्षी कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायासिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, ओळखलं. ते पाहायला गोल्डबर्गर हयात नव्हते. १९२९ सालीच त्यांचं निधन झालं होतं.

ज्यांना वेडे म्हणून कोंडून ठेवलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना फक्त पोटभर चांगलं अन्न मिळालेलं नव्हतं. मनाच्या आजारांविषयी बोलताना ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

दख्खनची ज्वारी

पेलाग्रा आपल्याकडेही होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये तो आढळायचा. हैदराबादच्या पोषणसंशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. मक्यातलं नायासिन बांधलेल्या रूपात असतं आणि शरीराला ते सहज मिळत नाही, हे माहीत होतं. पण ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा का व्हावा? ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायासिनच्या निर्मितीत अडथळा आणत असावं, असा विचार त्यांनी १९६० साली मांडला. त्यावर पुढे बराच वाद झाला. एकाच धान्यावर भागवलेलं पोट मेंदूला पुरत नाही, हे मात्र निर्विवाद ठरलं.

यात ज्वारीचा दोष नाही. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर ते उत्तम जेवण आहे. शेंगदाण्यात नायासिन भरपूर असतं आणि डाळी-दुधातल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायासिन तयार करू शकतं. संकट येतं ते नुसती भाकरी आणि मिरची यांवर महिनोन्‌महिने काढावे लागतात तेव्हा.

मेंदूची भूक

आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा मेंदू, आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा घेतो. त्याच्याकडे ऊर्जेचा मोठा साठा नसतो, त्यामुळे रक्तातून सतत येणाऱ्या ग्लुकोज आणि प्राणवायूवर तो अवलंबून असतो. पेशींना ऊर्जा पुरवण्याची, म्हणजेच चयापचयाची घडी बिघडली की मेंदूला त्याची झळ लवकर बसते.

ऊर्जेखेरीज मेंदूला कच्चा मालही लागतो. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून बनतं आणि डोपामिन टायरोसिनपासून. ही दोन्ही अमिनो आम्लं अन्नातल्या प्रथिनांतून येतात आणि दोन्ही रसायनं घडवताना लोह आणि ब६ जीवनसत्त्व लागतं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे खरं आहे. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन स्वतःच बनवावं लागतं. म्हणून 'पोट साफ तर मन साफ' असा सरळ हिशेब मांडता येत नाही. आतड्यातले जीवाणू, व्हेगस मज्जातंतू आणि शरीरातला दाह यांच्या मार्फत पोट आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. त्या जोडणीचा अभ्यास अजून सुरू आहे.

ब१२ : आपल्या घरातला प्रश्न

महाराष्ट्रातल्या वाचकाने एकच जीवनसत्त्व लक्षात ठेवायचं ठरवलं तर ते ब१२ असावं. ते वनस्पतींत नसतं. जीवाणू ते तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार. चहातल्या चमचाभर दुधाने ही गरज भागत नाही.

ब१२ कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन झोंबते. त्याच्याच जोडीने विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी आणि कधीकधी संशय, भासही दिसतात. फसवी गोष्ट अशी की हिमोग्लोबिन ठीक असतानाही हे होऊ शकतं. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. उपचाराला फार उशीर झाला तर ही हानी पूर्ण भरून येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पिढीभर पाठपुरावा केला. गरोदरपणात जवळपास दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब१२ कमी आढळलं. त्यांची मुलं ९ वर्षांची झाल्यावर काही चाचण्या घेतल्या गेल्या. ज्यांच्या आईला गरोदरपणी ब१२ फार कमी होतं, ती मुलं एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. मुलाच्या बुद्धीची मशागत त्याच्या जन्माआधी, आईच्या ताटापासून सुरू होते, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा आहे.

त्याआधी १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं वर्णन केलं होतं. आईला ब१२ कमी, म्हणून दुधातही कमी. ही बाळं मलूल झाली होती, आजूबाजूला लक्ष देईनाशी झाली होती, शिकलेल्या हालचाली विसरू लागली होती. ब१२ दिल्यावर ती झपाट्याने सुधारली.

या प्रश्नाला आता एक नवी बाजू आली आहे. मधुमेहावर मेटफॉर्मिन हे औषध सर्रास दिलं जातं आणि ते दीर्घकाळ घेतल्यास ब१२ कमी होऊ शकतं. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच. वय वाढेल तसं अन्नातलं ब१२ शोषून घेण्याची ताकद कमी होते. शाकाहारी, साठीपुढचे, मेटफॉर्मिन घेणारे आजोबा अलीकडे गप्प-गप्प असतात, विसरतात, चिडतात. आणि घरचे म्हणतात, 'वय झालं.' त्यांची ब१२ची तपासणी करून घेतल्याशिवाय हे वाक्य उच्चारू नये.

लोह आणि थायरॉइड

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेने धाप लागते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, मन खचतं. बाळंतपणानंतर हे आणखी जाणवतं. अळीवाचे लाडू बाळंतिणीला देण्याची आपली रीत म्हणूनच चांगली आहे, पण रक्तक्षय असेल तर लाडवांवर विसंबू नये, गोळ्या लागतातच. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोहाचं शोषण रोखतो. लिंबू पिळून घेतलं तर शोषण वाढतं.

थायरॉइड मंदावला की वजन वाढतं, थंडी सोसत नाही आणि माणूस खिन्न होतो. १९४९ साली लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी असे रोगी दाखवून दिले, ज्यांचं वेड थायरॉइडच्या उपचाराने बरं झालं होतं. आळशी, रडकी, चिडकी म्हणून हिणवली गेलेली किती स्त्री-माणसं खरं तर रक्ताच्या एका साध्या तपासणीची वाट पाहत असतील!

उपासमार मनाचं काय करते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. लढाईला तात्त्विक विरोध असलेले हे स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास आहार दिला गेला आणि त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. मनाने खंबीर असलेली ही मुलं खिन्न आणि तुसडी झाली. त्यांना स्वयंपाकाच्या पुस्तकांखेरीज काही सुचेना. एकाच्या हाताची तीन बोटं कुऱ्हाडीने तुटली. ते चुकून झालं की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. पोटभर खायला मिळाल्यावरही मन सावरायला महिने लागले. वजन झटपट उतरवण्यासाठी स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या आजच्या तरुण मुलामुलींच्या पालकांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

साखर आणि उदासी

दुसऱ्या टोकाला अतिपोषण आहे. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३च्या अहवालात दिसून आलं. मधुमेह असणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असतं, आणि उलट नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोकाही वाढतो. इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, पोटावरची चरबी, सततचा सौम्य दाह, बिघडलेली झोप, ताणाचं कॉर्टिसोल ही सगळी साखळी दोन्ही आजारांत सापडते. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्याही शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे याज्ञिकांनीच दाखवलं आहे.

मनोविकारांवरची काही औषधं, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिन, भूक, वजन आणि साखर वाढवतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य सरासरी १० ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा मोठा वाटा आहे. म्हणून औषध बंद करायचं नाही; वजन, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या नियमित तपासण्या मात्र मागून घ्यायच्या. तो रोग्याचा हक्क आहे.

आहाराने नैराश्य बरं होतं का?

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन मिळालं: भाज्या, फळं, कडधान्यं, अखंड धान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल. उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पागोष्टींची सोबत. आहाराच्या गटातले सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतीच्या गटातले ८ टक्के. अभ्यास लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना कळत होतं. तेव्हा निष्कर्ष बेताने घ्यायला हवा. त्यांतले बरेच जण औषधं किंवा समुपदेशनही घेत होते. आहार ही उपचारांची जोड आहे.

कर्बोदकं अगदी कमी ठेवणाऱ्या कीटोजेनिक आहाराचीही सध्या चर्चा आहे. १९२१ पासून तो अपस्मारावर वापरला जातो. आता द्विध्रुवीय विकार आणि स्किझोफ्रेनियात त्याचे छोटे अभ्यास होत आहेत. आशा वाटावी असं त्यात काही आहे, पण घरी मनाने सुरू करण्याचा हा आहार नव्हे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्याने धोका होऊ शकतो. लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांनी तर एकाएकी मीठ तोडू नये, निर्जळी उपास करू नये. रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते.

आपण काय करावं

आपल्याला ऑलिव्ह तेल आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, मोड आलेली मटकी, मेथी-चाकवत, घट्ट दही, मूठभर शेंगदाणे. चालत असेल त्याला अंडं, बांगडा, तारली. वेळेवर जेवण, वेळेवर झोप. साखरेची पेयं आणि पुड्यांतला खाऊ कमी. कोकणापासून विदर्भापर्यंत हे ताट आपलंच आहे. ते परवडत नाही अशा घरांसाठी रेशनवर डाळ मिळणं आणि शाळेच्या पोषण आहारात अंडं असणं हा मानसिक आरोग्याचाही कार्यक्रम आहे, असं मी ठामपणे मानतो.

घरात कोणी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोपत नसेल, विसरत असेल, तर त्याला 'मन खंबीर कर' असं सांगू नका. डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, ब१२, थायरॉइड आणि साखर तपासायची का, हे आपण होऊन विचारा. अहवाल काहीही आला तरी मानसोपचार लागत असतील तर तेही घ्या, आणि चालू औषधं परस्पर बंद करू नका. आयुष्य संपवण्याचे विचार बोलून दाखवले जात असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही मदत मिळते. दिवाळीत फराळाचं ताट शेजारी पाठवाल, तेव्हा त्या घरातल्या गप्प झालेल्या माणसाचीही चौकशी करा.