टॉमी जॉन : कोपर निकामी झाल्यानंतरची चौदा वर्षे

क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ करता येत नाही. बेसबॉलमधील पिचरवर असे बंधन नाही. तो दुमडलेला हात प्रचंड वेगाने झटकतो. त्या क्षणी सारा ताण येतो तो कोपराच्या आतील बाजूस, दंडाचे व हाताचे हाड जोडणाऱ्या एका लहानशा अस्थिबंधावर. हा अस्थिबंध तुटला की पिचरची कारकीर्द संपली, असाच १९७४ पर्यंतचा अनुभव होता. हा समज खोटा ठरवणारा खेळाडू म्हणजे टॉमी जॉन.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९४३ मध्ये जन्मलेल्या या डावखुऱ्या पिचरने १९६३ मध्ये क्लीव्हलँड संघाकडून व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर पदार्पण केले. पुढे शिकागो व्हाइट सॉक्समार्गे तो लॉस एंजेलिस डॉजर्स संघात आला. वेगापेक्षा अचूकता आणि ऐन वेळी खाली बुडणारा चेंडू हे त्याचे बळ होते. १९७४ च्या हंगामात १३ विजय व केवळ ३ पराभव अशी त्याची कामगिरी असतानाच, जुलैमध्ये एका सामन्यात त्याचा अस्थिबंध तुटला.

डॉजर्सचे शल्यविशारद डॉ. फ्रँक जोब यांनी एक नवी वाट सुचवली. मनगटाकडे जाणारी एक कंडरा काही माणसांत जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून हाताचे फारसे अडत नाही. जॉनच्या उजव्या हातातील हीच कंडरा काढून, डाव्या कोपराच्या हाडांना छिद्रे पाडून त्यांतून ती ओवण्यात आली. यशाची शक्यता शंभरात एक, असे डॉ. जोब यांनी आधीच बजावले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली. १९७५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला.

१९७६ मध्ये जॉन मैदानात परतला आणि १० सामने जिंकला. १९७७ मध्ये त्याने २० विजय मिळवले. न्यूयॉर्क यांकीज संघाकडून १९७९ मध्ये २१ व १९८० मध्ये २२ विजय त्याच्या नावावर जमा झाले. १९८९ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याचे वय ४६ होते आणि एकूण विजय २८८. त्यांपैकी १२४ शस्त्रक्रियेपूर्वीचे, तर १६४ नंतरचे!

ही शस्त्रक्रिया आज ‘टॉमी जॉन सर्जरी’ याच नावाने ओळखली जाते आणि असंख्य पिचरना तिने पुन्हा उभे केले आहे. मात्र शालेय वयातील मुलांवरही ती करावी लागते, ही तिची दुसरी बाजू होय. वर्षभर विश्रांतीविना चेंडू फेकल्याने कोवळी कोपरे झिजतात. याविषयी खुद्द जॉन यांनीच जाहीर चिंता व्यक्त केली आहे. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या मतदानातही त्यांची निवड झाली नाही, परंतु शल्यगृहात त्यांचे नाव जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके क्वचितच दुसऱ्या खेळाडूचे घेतले जात असेल.