शोधनिबंधांतील संदर्भलेखन

शाळेत वर्षभर एखादा उपक्रम चालवून त्याचा वृत्तांत शोधनिबंधाच्या रूपाने सादर करणारे प्राथमिक शिक्षक आता पुष्कळ आहेत. त्यांची निरीक्षणे बहुधा मनापासून केलेली असतात. अखेरची संदर्भसूची मात्र घाईने उरकलेली दिसते. ‘मोल्सवर्थचा कोश’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘इंटरनेट’ एवढे लिहिले की काम झाले, असा समज आढळतो. पाकिटावर केवळ तालुक्याचे नाव घालून पत्र पेटीत टाकावे, तसाच हा प्रकार होय.

मोल्सवर्थचा कोशच पाहावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ साली. दोहोंतील पृष्ठांक जुळत नाहीत आणि एकीत नसलेला शब्द दुसरीत सापडू शकतो. तेव्हा आवृत्ती न सांगता नुसता पृष्ठांक देणे व्यर्थ आहे. नोंद अशी असावी : मोल्सवर्थ, जे. टी., मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७, आणि त्यापुढे पृष्ठांक. हाच कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहिला असेल, तर तसे नमूद करून पाहिल्याची तारीख द्यावी.

ज्ञानेश्वरीचा प्रकार निराळा. तेथे पृष्ठांकापेक्षा अध्याय व ओवी यांचे क्रमांक अधिक उपयोगी पडतात. तथापि प्रतीप्रतींत ओव्यांची संख्या थोडी कमीअधिक असल्याने संपादकाचे नाव हवेच. तुकोबांच्या गाथेत तर अभंगाचा क्रमांक एका प्रतीत एक, दुसरीत दुसरा. तेथे प्रतीच्या नावासोबत अभंगाचा आरंभीचा चरण द्यावा.

नोंदीतील घटकांचा क्रम कोणता, यावर फार वाद घालण्याचे कारण नाही. एपीए पद्धतीत लेखकाच्या नावापाठोपाठ कंसात वर्ष येते, एमएलए पद्धतीत ते पुढे जाते. ज्या संस्थेकडे निबंध पाठवावयाचा तिने सांगितलेली पद्धत घ्यावी व ती शेवटपर्यंत पाळावी. एपीएने २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनस्थळ गाळले आहे. परंतु जुन्या मराठी ग्रंथांचा शोध घेताना स्थळाचा मोठा आधार होतो, म्हणून मोकळीक असेल तेथे ते ठेवणेच बरे.

न वाचलेला मूळ ग्रंथ सूचीत घालण्याची खोड याहून वाईट. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मूळ गुजराती आहे. शिक्षकाने मराठी अनुवाद वाचला असेल, तर अनुवादकाचे नाव दिले पाहिजे. आणि गिजुभाईंचे मत दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकात वाचले असेल, तर त्या पुस्तकाचा निर्देश करून ‘तेथे उद्धृत’ असे लिहावे. यात कमीपणा मुळीच नाही.

प्राथमिक शिक्षकाचा खरा ठेवा मात्र बहुधा छापील नसतोच. मुलांनी आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, नांगराच्या भागांची नावे, गावातील शेतांची नावे यांचा आधार कोणत्याही ग्रंथालयात मिळावयाचा नाही. एपीए पद्धत अशा तोंडी माहितीची नोंद मजकुरातच करावयास सांगते, सूचीत घेत नाही. बोलीच्या अभ्यासाला हा नियम अपुरा पडतो. तेथे ‘माहिती सांगणारे’ अशी स्वतंत्र यादी जोडावी. तीत सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, ऐकल्याची तारीख व टिपून घेणाऱ्याचे नाव असावे. नाव छापण्यास संमती आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर ‘वृद्ध शेतकरी स्त्री’ एवढे लिहून गाव व तारीख द्यावी. ही नोंद ऐकल्या दिवशीच, वहीच्या त्याच पानावर, शब्दाच्या शेजारी करावी. वर्षअखेर आठवून लिहू गेल्यास माणसांची व गावांची अदलाबदल होते, आणि तोवर सांगणारी आजी पुन्हा विचारावयास असेलच असे नाही.