रेंज कंपनीची नव्हे, जागेची

‘कोणत्या कंपनीची रेंज चांगली?’ हा प्रश्न बहुतेक वेळा गावाचं नाव न घेताच विचारला जातो, आणि गफलत तिथेच होते. देशात कोणाचे ग्राहक जास्त, यावरून आपल्या माजघरात फोन लागेल की नाही हे कळत नाही. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई आणि लगतचा शहरी पट्टा वगळता सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. ‘महाराष्ट्रात अव्वल’ म्हणवणाऱ्या कंपनीच्या सरासरीत हिंजवडी आणि भामरागड एकाच तागडीत पडतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहतात, पण लवकर दमतात. एकाच कंपनीच्या शेजारशेजारच्या दोन टॉवरांवर वेगवेगळ्या लहरी असू शकतात. सह्याद्रीत तर टॉवर जवळ असूनही मधे डोंगराची सोंड आली की पलीकडची वाडी कोरडी राहते.

‘माझ्या फोनवर चार दांड्या, तुझ्यावर दोनच’ ही तुलनाही फसवी आहे. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या ‘सिमची स्थिती’खाली डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात मिळतो. तो उणे असतो. उणे ८५ चांगला, उणे ११० च्या पुढे रडतखडत. उणे ८५ आणि उणे १०५ यांत ताकदीचा शंभर पटींचा फरक आहे. अर्थात आकडा चांगला असूनही नेट रखडू शकतं. आषाढीला पंढरपुरात सिग्नल असतो, पण एका टॉवरची क्षमता हजारो फोनांत वाटली जाते.

कोणी म्हणेल, दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेच लागतात, मग घोळ कसला? नकाशे जरूर पाहावेत. पण त्यांतला रंग बराचसा गणिती अंदाजावर भरलेला असतो आणि स्लॅबच्या घरातल्या आतल्या खोलीची हमी तो देत नाही. म्हणून नकाशा कंपनी निवडायला नव्हे, गाळायला वापरावा: जिथे रंगच नाही, तिथे कंपनी स्वतःच नाही म्हणते आहे. उरलेल्यांची सिमं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेऊन एकाच फोनमध्ये, एकाच खोलीत, सकाळी आणि रात्री आकडा बघावा. एवढी यातायात कशाला, असं वाटेल. पण एकदा नंबर पोर्ट केला की ९० दिवस पुन्हा हलवता येत नाही.